पन्नाशीनंतरचा दर्यावर्दी : सर फ्रान्सिस चिचेस्टर

फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९५३ मध्ये शिडाची एक जुनी नौका विकत घेतली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. लंडनमध्ये नकाशे छापून विकण्याचा त्यांचा व्यवसाय होता आणि नौकानयनाचा अनुभव जवळपास नव्हता. नौकेचे मूळ नाव बदलून त्यांनी ‘जिप्सी मॉथ २’ ठेवले. ‘जिप्सी मॉथ १’ ही नौका नव्हतीच. ते होते त्यांचे विमान.

डेव्हनमध्ये १९०१ साली जन्मलेले चिचेस्टर तरुणपणीच न्यूझीलंडला गेले व जमिनीच्या व्यवहारात त्यांनी पैसा मिळवला. १९२९ मध्ये ते इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकट्याने विमानाने निघाले आणि पुढल्या वर्षी पोहोचले. १९३१ मध्ये त्याच विमानाला पाण्यावर उतरण्याची सोय करून त्यांनी न्यूझीलंडकडून टास्मान समुद्र ओलांडला. वाटेत इंधनासाठी महासागरातली ठिपक्याएवढी बेटे गाठायची होती. बेटाच्या रोखाने सरळ जावे आणि ते दिसू नये, तर डावीकडे वळावे की उजवीकडे, हे कळत नाही. म्हणून चिचेस्टर मुद्दाम बेटाच्या एका बाजूला जात. सूर्याच्या उंचीवरून आपण बेटाच्या रेषेवर आलो हे ताडले, की एकाच दिशेला वळायचे. लॉर्ड हाऊ बेटावर वादळात विमान मोडले, तेव्हा बेटवासीयांच्या मदतीने ते पुन्हा उभे करून त्यांनी प्रवास पुरा केला. पुढे शिडे हाताळणे त्यांना प्रौढ वयात शिकावे लागले. आकाशावरून वाट काढण्याची विद्या मात्र हाती होती.

१९५८ मध्ये डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान करून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. पत्नी शीला यांनी ठाम नकार दिला. शाकाहार, विश्रांती आणि प्रार्थना यांवर त्यांची भिस्त होती. मूळ निदान अचूक होते का, याविषयी पुढे शंका घेतली गेली; त्यामुळे या प्रसंगाचा चमत्कार करण्याचे कारण नाही. परंतु पतीच्या जिवाची जोखीम त्या बाईंनी स्वतःच्या शिरावर घेतली, हे नाकारता येत नाही. चिचेस्टर सावरले.

दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, ते अटलांटिक एकट्याने ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत उतरले. ही शर्यत ब्लाँडी हॅस्लर यांच्या कल्पनेतली. दोघांमध्ये अर्ध्या क्राऊनची पैज लागल्याचे सांगतात. ‘जिप्सी मॉथ ३’ने प्लिमथहून न्यूयॉर्क ४० दिवसांत गाठले आणि चिचेस्टर पहिले आले.

पृथ्वीप्रदक्षिणेसाठी बांधलेली ‘जिप्सी मॉथ ४’ त्यांना अखेरपर्यंत आवडली नाही. ती फार कलंडते, ही त्यांची मुख्य तक्रार. २७ ऑगस्ट १९६६ रोजी ते प्लिमथहून निघाले. पासष्टावा वाढदिवस त्यांनी भर समुद्रात, ठेवणीतला कोट चढवून व शॅम्पेन घेऊन साजरा केला. सिडनीपासून दोन हजारांहून अधिक मैलांवर, सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र मोडले. शिडांचीच जुळणी बदलून नौकेला दिशेवर ठेवण्याची युक्ती त्यांनी शोधली आणि १०७ दिवसांनी सिडनी गाठले. पुढे जाऊ नये, असे अनेकांनी बजावले. दुरुस्त्या आटोपून २९ जानेवारी १९६७ रोजी ते निघाले आणि दुसऱ्याच रात्री टास्मान समुद्रात लाटांनी नौका उलथवली. ती पुन्हा सरळ झाली. परतायला सिडनी जवळ होते. तरीही त्यांनी हॉर्न भूशिराची वाट सोडली नाही. २८ मे रोजी ते प्लिमथला परतले, तेव्हा बंदरावर सुमारे अडीच लाख लोक जमल्याचा अंदाज होता. समुद्रावर २२६ दिवस आणि मध्ये एकच थांबा! पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी ड्रेक यांना ज्या तलवारीने ‘सर’ केले, त्याच तलवारीने त्यांना ग्रीनिचला नाइट करण्यात आले.

तो एक थांबाही टाळायचा, हे आव्हान पुढील तरुणांसाठी उरले. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ते पेलले. त्यांची ‘सुहेली’ ही नौका मुंबईत सागवानाने बांधलेली होती.

१९७२ च्या अटलांटिक शर्यतीत सत्तरीचे चिचेस्टर आजारी असतानाच उतरले. त्यांना माघार घ्यावी लागली आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला प्लिमथमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना न आवडलेली ‘जिप्सी मॉथ ४’ ग्रीनिचला अनेक वर्षे कोरड्यावर उभी राहून जीर्ण झाली होती. डागडुजीनंतर २००५ मध्ये ती पुन्हा पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली.