गिरणी कामगाराचा गळा झाला महाराष्ट्राचा आवाज

मुकुंदवाडी, प्रतिनिधी - चिकलठाणा औद्योगिक वसाहतीला लागून असलेली मुकुंदवाडी ही कष्टकऱ्यांची वस्ती. दर वर्षी १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांची जयंती आली, की त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीची आठवण निघते. ती लाखोंच्या कानी घालणारा गळा शाहीर अमर शेख यांचा होता, हे मात्र नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असते.

मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई मुनेरबी यांच्या तोंडून ऐकलेली लोकगीते, एवढेच त्यांचे संगीतशिक्षण. घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. मोटारीवर क्लीनर म्हणून राबल्यावर ते बार्शीच्या गिरणीत कामगार झाले. तेथील संपात पुढे असल्याने तुरुंगवास घडला. नगर जिल्ह्यातील विसापूरच्या त्या तुरुंगातच कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांची भेट झाली आणि या तरुणाच्या संतापाला विचारांची दिशा मिळाली. एरवी तुरुंग माणसाला मोडतो. येथे त्याने शाहीर घडविला.

सुटकेनंतर ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत कामाला लागले. 'अमर शेख' हे नाव तेथील मित्रांनी दिलेले. तथापि रुपेरी पडद्यापेक्षा त्यांना कामगारांचे मैदानच अधिक मानवले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. स्वातंत्र्यानंतर सरकारने या पथकावर बंदी घातली, तरी गाणे थांबले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज आणि हातातील डफ हे सभेचे मुख्य आकर्षण असे. पुढाऱ्यांच्या भाषणाइतकीच गर्दी शाहिरांसाठी होई, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गोवा मुक्तीच्या आंदोलनातही ते उतरले.

'कलश' व 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. पण गळा विकून श्रीमंत होण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. लोकप्रियता अफाट, मिळकत मात्र बेताची, हाच त्या काळच्या शाहिरांचा प्रपंच होता.

१९६९ हे वर्ष महाराष्ट्राला जड गेले. १३ जून रोजी आचार्य अत्रे गेले, १८ जुलै रोजी अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्ट रोजी अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. संयुक्त महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज अवघ्या अकरा आठवड्यांत निमाले. कोल्हापूरच्या मित्रांनी दिलेले ते नाव मात्र घराण्याचे झाले. कन्या, कवयित्री मल्लिका अमर शेख यांनी पुढे तेच लावले.