माता रमाई : दोन खोल्यांतील संसार आणि वाढती मुले

दरवर्षी जून महिन्यात आपल्या शाळेच्या फाटकाशी एक दृश्य आम्ही पाहतो. पत्र्याची पेटी, वळकटी आणि पिशवीत बांधून दिलेला खाऊ घेऊन एखादी आई मुलाला वसतिगृहात सोडायला येते. मूल आत जाते. आई मात्र फाटकाशी बराच वेळ उभी असते. घरी गेल्यावर ताट वाढताना एक ताट कमी वाढायचे, एवढाच बदल बाहेरच्यांना दिसतो. परंतु त्या एका कमी ताटामागे किती मोठा निर्धार असतो, हे त्या माउलीलाच ठाऊक असते. स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसलो तेव्हा हेच दृश्य आमच्या डोळ्यांपुढे आले आणि त्याबरोबरच माता रमाईंचा संसारही.

आपल्या समाजात रमाईंचे नाव निघाले की त्याग हा शब्द पाठोपाठ येतो. तो शब्द खोटा नाही. परंतु इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस असे वाटत आले आहे की, केवळ त्यागमूर्ती म्हणून हात जोडले की त्या बाईंचे रोजचे कष्ट आपल्या नजरेआड होतात. मूर्तीला भूक लागत नाही, मूर्तीला उसनवारी करावी लागत नाही, मूर्तीच्या अंगणात मुले खेळत नाहीत. रमाईंना हे सारे होते. म्हणून या लेखात आम्ही त्यांच्याकडे वाढत्या मुलांची आई म्हणून पाहणार आहोत.

रमाईंचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 रोजी दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. आई रुक्मिणी लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरकी झालेली ही भावंडे नातलगांच्या आधाराने मुंबईस आली. सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपल्या भीमरावासाठी याच पोरक्या मुलीस सून म्हणून पसंत केले. भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचे व्यवहार आटोपल्यावर, रात्रीच्या वेळी हा विवाह लागला. वधू जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती आणि वर अजून शिकत होता. ज्या मुलीचे स्वतःचे बालपण आईवाचून गेले, तिलाच पुढे अनेकांची आई व्हायचे होते.

12 डिसेंबर 1912 रोजी यशवंतांचा जन्म झाला. त्यानंतर दोन महिनेही पुरे होण्याआधी, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, सुभेदार रामजींचे निधन झाले आणि घराचा आधारवड कोसळला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये भीमराव बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेस निघाले. तेव्हा यशवंत अवघे सात महिन्यांचे होते. वडील 1917 च्या ऑगस्टमध्ये परतले, तोवर हे मूल पाचव्या वर्षात आले होते. जुलै 1920 मध्ये वडील पुन्हा लंडनला गेले आणि 1923 च्या एप्रिलमध्ये बॅरिस्टर होऊन आले. आम्ही या तारखांची बेरीज करून पाहिली. यशवंतांच्या आयुष्यातील पहिल्या सव्वादहा वर्षांपैकी जवळजवळ सात वर्षे वडील सातासमुद्रापलीकडे होते. बाबासाहेबांच्या चरित्रात हीच वर्षे कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन यांच्या तेजाने उजळलेली दिसतात. त्याच वर्षांचे दुसरे पान परळच्या चाळीत लिहिले जात होते आणि ते रमाई लिहीत होत्या.

शिष्यवृत्तीचे महिन्याचे साडेअकरा पौंड. त्यातूनच पोटाला चिमटा काढून भीमराव घरी पैसे पाठवीत. ते पुरत नसत. मग रमाईंनी काय केले? त्यांनी शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. ही आख्यायिका नव्हे. स्वतः बाबासाहेबांनी 1928 साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये याची जाहीर नोंद केली आहे आणि चोवीस तासांतला अर्धा तासही आपण या पत्नीला देऊ शकलो नाही, अशी खंतही त्यांनी तेथे व्यक्त केली आहे. चळवळीच्या पत्रात, चळवळीचा हिशेब मांडताना, त्यांना घरातील या कष्टांची नोंद करावीशी वाटली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. नेत्याने आपल्या ऋणांच्या यादीत पत्नीच्या श्रमांना स्थान दिले. आपण अनुयायांनी ते कितपत दिले, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावयास हवा.

परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत या कुटुंबाच्या दोन खोल्या होत्या. सभोवार गिरणी कामगारांची वस्ती. त्या दोन खोल्यांत कोण कोण राहत होते, हे पाहिले तर रमाईंच्या दिवसाची कल्पना येते. यशवंत होते. थोरले दीर आनंदराव यांच्या पश्चात जाऊ लक्ष्मीबाई आणि त्यांचा मुलगा मुकुंद यांचा भार याच घरावर आला. रमाईंचा धाकटा भाऊ शंकर याचेही हेच घर होते. स्वतःचा मुलगा, जावेचा मुलगा आणि पाठचा भाऊ अशा वाढत्या वयाच्या मुलांना एकाच तव्यावरच्या भाकरीत वाटेकरी करून घ्यायचे होते. वाढत्या मुलांची भूक कशी असते, हे आपल्या वसतिगृहाच्या भटारखान्यात काम करणाऱ्या भगिनींना विचारावे. अशा घरात आपले-परके करणारी बाई असती तर घर केव्हाच फुटले असते. हे घर फुटले नाही. जाऊ आणि पुतण्या शेवटपर्यंत घरचेच राहिले.

1918 च्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये होता. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि चाळीतील शेजारणींना आता रमाबाईंचे दिवस पालटले असे वाटले असल्यास नवल नाही. परंतु लंडनचा अभ्यास अपुरा राहिला होता. पगारातील ठरावीक रक्कम घरखर्चाला देऊन उरलेली त्या अभ्यासासाठी बाजूला पडू लागली. पैसा दिसत असताना काटकसर करणे हे पैसा नसताना करण्यापेक्षा कठीण असते. रमाईंनी तेही केले. पुढे शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज मिळून लंडनचा मार्ग मोकळा झाला, हे आपण सर्व जाणतो. त्या साहाय्याच्या यादीत चाळीतील त्या चुलीचेही नाव घातले पाहिजे.

या संसाराचे सर्वांत मोठे दुःख सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. यशवंतांखेरीज रमाईंना गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये झाली. चारही बालपणीच गेली. घरात जेव्हा पैशांची चणचण होती तेव्हा एका बाळाच्या अंगावर घालावयास नवे वस्त्र आणण्याइतकेही पैसे नव्हते आणि रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. शेवटचा राजरत्न 19 जुलै 1926 रोजी गेला. त्या आघातानंतर बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते वाचताना डोळे कोरडे राहत नाहीत. एवढा खंबीर पुरुष त्यात मोडून पडलेला दिसतो. मग ज्या माउलीने ही चारही मुले कडेवर खेळविली, तिची अवस्था काय झाली असेल? तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागतेच, कारण उरलेली मुले भुकेली असतात. राजरत्न गेल्यानंतर वर्षही लोटले नव्हते, तोच 1927 च्या मार्चमध्ये महाडचे चवदार तळे आपल्या समाजाने मुक्त केले. त्या विजयाच्या पाठीशी असलेल्या घरात हे दुःख ताजे होते.

यशवंतांची प्रकृती लहानपणापासून नाजूक. चार भावंडे गेलेली, हा एकच राहिलेला. त्यामुळे रमाईंचा जीव त्यांच्यात गुंतून राहणे स्वाभाविक होते. वडील घरी असत तेव्हाही ग्रंथांत, पक्षकारांत आणि गावोगावच्या गाऱ्हाण्यांत बुडालेले असत. वाचनाच्या वेळी त्यांची समाधी भंगू नये म्हणून घरात शांतता राखणे, आल्यागेल्यांस चहापाणी विचारणे, मुलांना समजावणे, ही कामे रमाईंकडे होती. बाप समाजाचा झाला की घरच्या मुलाच्या वाट्याला तो थोडाच येतो. अशा वेळी बापाविषयी मुलाच्या मनात कडवटपणा साचू द्यायचा की आदर रुजवायचा, हे बहुतांशी आईच्या हाती असते. रमाईंनी काय रुजविले, याचे उत्तर यशवंतरावांच्या पुढील आयुष्याने दिले. भय्यासाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या या पुत्राने छापखाना आणि चळवळीची पत्रे सांभाळली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहिली आणि दादरची चैत्यभूमी उभी राहावी म्हणून अपार परिश्रम घेतले. आज 6 डिसेंबरला आपण जिथे नतमस्तक होतो, त्या स्तूपामागे रमाईंनी वाढविलेला मुलगा उभा आहे.

रमाई धार्मिक वृत्तीच्या होत्या, उपासतापास करीत. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्या ठिकाणी आपल्या माणसांना देवळाबाहेर, दूर उभे राहावे लागते तेथे जाण्यापेक्षा आपण आपलीच निराळी पंढरी उभारू, अशी समजूत बाबासाहेबांनी त्यांची घातली. ही गोष्ट सांगताना आपल्यातील काहीजण संकोचतात. आम्हांस त्यात संकोचण्यासारखे काही दिसत नाही. रमाई 1935 साली गेल्या, धम्मदीक्षा 1956 साली झाली. एका पिढीच्या मनात जी तहान होती, तीच पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत पोहोचली.

1928 च्या जूनमध्ये बाबासाहेबांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली आणि समाजातील मुलांसाठी वसतिगृहे निघाली. त्यांपैकी धारवाडच्या वसतिगृहाची व्यवस्था बळवंतराव वराळे पाहत. या वसतिगृहाशी निगडित एक प्रसंग आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. बाबासाहेब परदेशी असता रमाई हवापालटासाठी धारवाडला राहिल्या होत्या. अंगणात रोज खेळणारी मुले दोन दिवस दिसली नाहीत, म्हणून त्यांनी चौकशी केली. सरकारी अनुदान वेळेवर न आल्याने कोठीतले धान्य संपले होते आणि मुले उपाशी होती. रमाई उठल्या, हातातील सोन्याच्या बांगड्या काढल्या आणि वराळे यांच्या स्वाधीन केल्या. मुलांच्या पोटात अन्न गेले. त्या दिवसापासून ती मुले त्यांना आई म्हणू लागली. चार लेकरे मातीआड केलेल्या या बाईने परक्यांची लेकरे उपाशी पाहिली आणि दागिन्याचा विचार केला नाही. आपल्यासारख्या निवासी शाळेला याहून मोठा वारसा कोणता?

दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून झाले, ग्रंथांना हक्काचे घर मिळाले. रमाईंच्या वाट्याला मात्र हे सुख फार थोडे आले. शरीर आधीच झिजले होते. 27 मे 1935 रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. वय अवघे 37 वर्षे. सुमारे दहा हजारांचा समुदाय अंत्ययात्रेत चालला. यशवंत तेव्हा 22 वर्षांचे होते. पुढे 1940 साली लिहिलेला पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला. देशाच्या फाळणीसारख्या गहन राजकीय प्रश्नावरील ग्रंथ एका अल्पशिक्षित पत्नीच्या नावे आहे, याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. तिने संकटात दाखविलेल्या सोबतीची ती पोचपावती होती.

आता आमच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना दोन शब्द. 7 फेब्रुवारी आणि 27 मे या दिवशी आपण रमाईंच्या प्रतिमेला हार घालतो, ते योग्यच आहे. परंतु घरातील बाई अजूनही सर्वांत शेवटी जेवत असेल, तिचे आजारपण अंगावर काढले जात असेल आणि चळवळीच्या नावाखाली पुरुष घराची जबाबदारी तिच्यावर टाकून मोकळे होत असतील, तर त्या हाराला अर्थ उरत नाही. बाबासाहेबांनी आपले ऋण जाहीरपणे मान्य केले. आपण ते निदान आपल्या घरी मान्य करावे. रमाईंना जे सोसावे लागले त्याचे गुणगान करताना, ते पुन्हा कोणत्याही आईला सोसावे लागू नये, अशी व्यवस्था उभारणे हेच खरे अभिवादन होय. त्यासाठीच तर बाबासाहेबांनी आयुष्य वेचले.

आणि येत्या जूनमध्ये फाटकाशी उभी राहिलेली एखादी माउली दिसली, तर आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी पुढे व्हावे, तिला बसावयास खुर्ची द्यावी, पाणी विचारावे आणि तुझे लेकरू येथे उपाशी राहणार नाही, असा शब्द तिला द्यावा. धारवाडच्या बांगड्यांचे ऋण तेवढ्याने फिटणार नाही. परंतु ते फेडण्याची सुरुवात तेथून करता येईल.

माता रमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम! नमो बुद्धाय!