चपला शिवणारे बॅरिस्टर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र मी लिहावे, असे अध्यक्षाबाईंनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. यंदा मंडळाने चामड्याच्या हातपिशव्या घरी शिवण्याचा वर्ग घेतला, तेव्हा काही घरांतून सुनांना येऊ दिले नाही. चामड्याची पर्स खांद्याला अडकवून लग्नाला जायला हरकत नाही, पण ती शिवायला कातडे मांडीवर घ्यायचे म्हटले की हरकत! म्हणूनच मी महात्मा गांधींचे चरित्र निवडले. त्यांचा चरखा सर्वांना ठाऊक आहे, त्यांची आरी फारशी कोणाला ठाऊक नाही.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील दिवाण, आई पुतळीबाई मोठी व्रतस्थ. घर वैष्णवांचे, सोवळेओवळे कडक. घरी सफाईला उका नावाचा माणूस येई. त्याला शिवले तर अंघोळ करावी लागे. लहानगा मोहन आईचे ऐके, पण ही गोष्ट त्याच्या मनाला पटली नाही. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यास विलायतेस निघाले, तेव्हा समुद्र ओलांडतो म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले. १८९३ साली एका खटल्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथल्या आपल्या लोकांवरील अन्यायाशी झगडण्यात त्यांची वीसएक वर्षे गेली. हे सारे शाळेच्या पुस्तकांत आहे, म्हणून लांबवीत नाही.

१९१० साली हर्मन कॅलनबाख या मित्राने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तिला टॉल्स्टॉय फार्म हे नाव दिले. तेथे नोकर नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, सुतारकाम सारे आपल्या हाताने. स्वतःच्या कामासाठी शहरात जायचे तर पायी जायचे, असा नियम होता. इतके चालायचे म्हणजे पायात मजबूत वहाणा हव्यात. मरियानहिल येथे ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता, तेथे वहाणा तयार करीत. कॅलनबाख तेथे जाऊन ती विद्या शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले, आणि त्यांनी पुढे इतरांना शिकविली. भरभराटीची वकिली केलेला चाळिशीचा मनुष्य चामडे घेऊन शिकाऊ म्हणून बसला, हे मला फार मोठे वाटते. आपल्या वयात नवे काही शिकायचे म्हटले की आपण किती सबबी सांगतो!

हे काम सोपे नाही, हे मी आता अनुभवाने सांगते. कापडावर टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. चामड्याला आरीने आधी भोके पाडावी लागतात आणि एकदा पडलेले भोक बुजत नाही. मग मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून दोन्हीकडून ओढायचे. पण मग एखादा टाका झिजून तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही. मोठ्या दुकानांतील महागड्या पिशव्यांची किंमत पुष्कळदा या हातटाक्याचीच असते. माझ्या पहिल्या पिशवीला पंधरा दिवस लागले. बोटांना घट्टे पडले ते वेगळेच.

१९१३ साली गांधीजी पुन्हा तुरुंगात गेले. तेथे त्यांनी चपलांचा एक जोड शिवला, आणि १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना ज्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात घातले त्या जनरल स्मट्सना तो भेट दिला. स्मट्सनी त्या चपला कित्येक उन्हाळे वापरल्या. १९३९ साली, गांधीजींना सत्तर वर्षे झाली तेव्हा, आपली तेवढी योग्यता नाही अशा भावनेने त्यांनी तो जोड परत केला.

१९१५ मध्ये गांधीजी स्वदेशी परतले. त्याच वर्षी अहमदाबादेच्या आश्रमात दुदाभाई, त्यांच्या पत्नी दानीबेन व लहान मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलेले कुटुंब राहावयास आले. विहिरीवर भांडणे झाली, देणग्या बंद पडल्या. खुद्द कस्तुरबांनाही हे जड गेले. बायकांची ओढाताण मी समजू शकते. वर्षानुवर्षांचे वळण एका दिवसात जात नाही. पण कुटुंब आश्रमातच राहिले.

पुढे साबरमतीला सूत व गोशाळा यांच्या जोडीस चर्मालयही निघाले. गोरक्षा करावयाची तर मेलेल्या गुरांच्या कातड्याचाही उपयोग झाला पाहिजे, म्हणजे कातड्यासाठी जनावर मारावे लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ते राहावयास आले, १९३६ साली शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, झोपडी बांधली. जवळच नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे काम चालविले होते. कातडे कमवायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो. हिरडा तर आपल्याच जंगलातला. तो आपण आजवर खोकल्यालाच ठेवला!

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. मागे राहिलेल्या मोजक्या वस्तूंत चष्मा, घड्याळ, जेवणाचे भांडे आणि चपला होत्या. सेवाग्रामची त्यांची कुटी आजही पाहावयास मिळते. चंद्रपूरहून आगगाडीने सकाळी निघाले तर संध्याकाळी परत येता येते. पुढील सहल तिकडे काढावी, अशी मी कार्यकारिणीस विनंती करते. आणि त्या सहलीला सासवांनाही न्यावे.