श्रीनागदेवाचार्यांचे विजन आणि परिवार

आत्महित साधावे की परिवार सांभाळावा, हा प्रश्न अनुसरलेल्या साधकासमोर केव्हा ना केव्हा उभा राहतोच. परमार्गाचे आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्यासमोर तो अत्यंत कठीण काळी उभा राहिला.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी इ. स. १२७२ ते १२७४ या दरम्यान उत्तरापंथे गमन केले. साधकाला त्यांनी घालून दिलेला विधी असंदिग्ध होता. नित्य अटन करावे, गावात भिक्षा मागावी, निर्जन स्थळी विजन करावे आणि स्मरण खंडू देऊ नये. साधकाने स्वतःची घ्यावयाची काळजी ती हीच. भिक्षेत मिळेल ते अन्न देहास द्यावे, कारण देह राहिला तर साधन घडते.

परंतु त्याच भटोबासांना सर्वज्ञांच्या आज्ञेने रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जावे लागले. तेथे एकांतास अवसर कितीसा असणार? राऊळ केव्हा कोणाच्या घरी प्रवेश करतील, काय मागतील, केव्हा खेळू लागतील, केव्हा कोपतील, याचा सेवकांस अंदाज नसे. भोवती महादाइसा, आबाइसा, उमाइसा, म्हाइंभट असा मोठा परिवार होता. अनेक वर्षे भटोबासांनी ही सेवा केली, आणि प्रभूंच्या सन्निधानात तीच त्यांची साधना होती.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंचेही असन्निधान झाले. आता विजनास कोणताच अडथळा उरला नव्हता. एखाद्याने येथेच परिवाराचा निरोप घेतला असता, आणि त्यास दोष देणे अवघड गेले असते. भटोबास रिद्धपुरास वाजेश्वरी येथे एकांतात बसत आणि सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत. वियोगात त्यांचा जीव त्या स्मरणावरच तगून होता. म्हाइंभटांनी त्यांना एकदा या एकांतातील चिंतनाविषयी पृच्छा केली. उत्तर ऐकताच म्हाइंभटांच्या मनात आले की हे आठवणारे एकेक करून जातील, मग मागून येणाऱ्यांनी कशाचे स्मरण करावे? लीळा लिहून ठेवण्याची त्यांनी विनंती केली. भटोबासांनी ती मान्य केली आणि जे एकट्याने आठवीत होते ते सांगण्यास आरंभ केला. लीळाचरित्राचा उगम तो असा. विजन त्यांनी सोडले असे काही जण समजतात, ते बरोबर नाही. स्मरण तेच होते. आता ते ऐकणारा एक समोर बसला होता, एवढेच.

केशोबासांच्या प्रसंगी मात्र त्यांनी आपल्या शिष्यास अडविले. केशोबास संस्कृताचे मोठे पंडित. ग्रंथरचना संस्कृतात करावी ही त्यांची स्वाभाविक ओढ होती, आणि आपल्या विद्येस शोभेल असे काम करावेसे वाटणे यात गैर काही नाही. पण परिवारातील म्हाताऱ्यांना संस्कृत कळत नव्हते. घरदार सोडून आलेल्या त्या स्त्रियांपाशी सर्वज्ञांच्या वचनांवाचून दुसरी पुंजी नव्हती, आणि ती वचने त्यांनी मराठीतच ऐकली होती. शास्त्र संस्कृतात गेले असते तर त्या नागवल्या गेल्या असत्या, म्हणून भटोबासांनी केशोबासांना निषेध केला. पंडितास हे सोसणे सोपे नसते. विद्वत्तेचा मोह अन्नाच्या मोहाहून सूक्ष्म असतो. तरीही केशोबासांनी आज्ञा मानली. त्यांचे पांडित्य त्यामुळे वाया गेले नाही. लीळाचरित्रातील सर्वज्ञांची वचने निवडून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला तो मराठीतच, आणि तो पाठ करण्यास कोणा म्हातारीस व्याकरणाची गरज पडली नाही.

इ. स. १३०२ च्या सुमारास भटोबासांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे आचार्यपद बाइदेवबासांकडे आले.