सार्वजनिक काका : वकिली, व्यापार आणि लोककार्य



सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलाला शहराच्या इतिहासात आपली माणसे दोन वेळा भेटतात. एकदा १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांच्या रूपाने, आणि नंतर १९०७ साली, जेव्हा येथल्या काँग्रेस अधिवेशनात लोकमान्य टिळकांचा जहाल पक्ष वेगळा झाला. या दोहोंच्या मध्ये आणखी एक धागा आहे, तो मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा धागा एका दुकानाचा आहे आणि त्यामागे असलेल्या माणसाचे नाव आहे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका.

आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. स्वदेशी म्हटले की १९०५ चा बंगाल आणि खादी म्हटले की महात्मा गांधी, एवढेच आम्हांला ठाऊक होते. काकांचे नाव आमच्या वाचनात फार उशिरा आले. ते आपल्या मुलांच्या वाचनात लवकर यावे, म्हणून हा लेख.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. पेशवाई जाऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती. १८४८ मध्ये ते पुण्यास आले आणि सरकारी कचेरीत नोकरीस लागले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा त्यांचे वय २९ होते. म्हणजे पदवी घेण्याची संधी त्यांच्या पिढीला मिळालीच नव्हती. पण कायद्याचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. १८६५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी वकिलीची सनद मिळवली व पुण्यात वकिली सुरू केली. एकदा परीक्षेत मागे राहिल्याने जे विद्यार्थी निराश होतात, त्यांनी हे वय लक्षात ठेवावे.

त्यांच्या सार्वजनिक कार्याची सुरुवात एका विश्वस्त संस्थेच्या कारभारातून झाली. पुण्याच्या पर्वतीवरील देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता व त्याबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. तक्रार सरकारपुढे मांडायची, पण लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, असा प्रश्न उभा राहिला. काका वकील होते. अशिलाने वकीलपत्र दिल्याशिवाय वकील न्यायालयात उभा राहू शकत नाही, तोच नियम त्यांनी लोककार्याला लावला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निदान ५० लोकांनी सही करून मुखत्यारपत्र दिले, तरच सभासद होता येत असे. सुमारे ६००० लोकांच्या मुखत्यारपत्रांवर ९५ प्रतिनिधी निवडले गेले. मतपेटीचे नावही आपल्याकडे कोणी ऐकले नव्हते त्या काळातली ही गोष्ट आहे. या सभेवरूनच जोशी वकील सर्वांचे सार्वजनिक काका झाले. पुढल्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले. रानड्यांचा अभ्यास आणि काकांची धडपड यांची जोडी जमली.

आता त्या दुकानाकडे वळू. १२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी हातसुताचेच कपडे वापरण्याची शपथ घेतली. त्या दिवशी पोरबंदरात मोहनदास गांधी अवघे सव्वादोन वर्षांचे होते! केवळ शपथ घेऊन देशाचा माल खपत नाही, हे काका जाणून होते. माल तयार झाला पाहिजे आणि तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला पाहिजे. त्यासाठी त्यांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात म्हणून उत्तेजन दिले. त्या मालाच्या विक्रीसाठी पुणे, सातारा, नागपूर, मुंबई येथे सहकारी तत्त्वावर दुकाने निघाली, आणि त्यांतील एक आपल्या सुरतेतही निघाले. विलायतेच्या गिरण्यांचा माल स्वस्त होता. त्यात १८७९ साली सरकारने परदेशी जाड्याभरड्या सुती कापडावरील आयातकर काढून टाकला. अशा वेळी देशी माल विकणे म्हणजे गिऱ्हाइकाकडे चार पैसे जास्त मागणे होते. काकांनी ते उघडपणे मागितले. ज्यांच्या घरची चूल आज सुरतेच्या मागांवर आणि कापड बाजारावर पेटते, त्या पालकांना या गोष्टीचे मोल आम्ही काय सांगावे!

शेतकऱ्यांची स्थिती त्या काळी फार वाईट होती. सारा वाढलेला आणि सावकाराचे कर्ज डोक्यावर. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हा सभेने आधीच दाखवलेले दुखणे सर्वांना दिसले. १८७६ पासून भीषण दुष्काळ पडला, त्यातही सभा लोकांची बाजू मांडत राहिली. कोर्टाच्या खर्चात गरीब बुडू नये म्हणून तंटे आपसांत मिटवणारी लवाद न्यायसभाही काकांनी सुरू केली. ज्याचे पोट कज्ज्यांवर चालते त्या वकिलानेच कज्जे कमी करण्याचा उद्योग करावा, याला काय म्हणावे?

या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मागे नव्हत्या. त्यांनी स्त्रियांसाठी स्त्रीविचारवती संस्था काढली आणि हळदीकुंकवाला सर्व जातींच्या बायकांना एकत्र बोलावले.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लिटन यांचा दरबार भरला. राजेमहाराजे रेशीम व रत्ने लेऊन आले होते. काका तेथे सभेचे मानपत्र घेऊन गेले, ते आपल्या हातसुताच्या साध्या पोशाखात. भारतीय प्रजेला ब्रिटिश प्रजेइतकेच हक्क मिळावेत, अशी त्या मानपत्रात मागणी होती.

त्यांची खरी कसोटी १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडके यांना सशस्त्र बंडाबद्दल पकडून पुण्यात त्यांच्यावर खटला चालवला गेला. सरकारची नजर प्रत्येकावर होती. त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे. काकांचा मार्ग अर्जविनंत्यांचा, फडक्यांचा शस्त्राचा. तरीही काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. आरोपी कोणीही असो, त्याची बाजू मांडली गेलीच पाहिजे, हा वकिलाचा धर्म त्यांनी पाळला. फडक्यांना जन्मठेप झाली व १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. तो पाहायला काका नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. पाच वर्षांनी राष्ट्रीय काँग्रेस जन्मली. तिचे पहिले अधिवेशन पुण्यातच सार्वजनिक सभेच्या यजमानपदाखाली व्हायचे होते. पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस हलवावे लागले.

विद्यार्थी मित्रहो, काकांकडे पदवी नव्हती, राज्य नव्हते, मोठी दौलतही नव्हती. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतःच्या अंगावर घालायचे, एवढी एक सवय होती. आणि विश्वस्त मंडळींसह आम्हां सर्वांसाठी त्यांचा धडा असा, की संस्था ज्यांच्यासाठी आहे त्यांनी दिलेला अधिकारच आपल्या हाती असतो आणि त्याचा हिशेब त्यांनाच द्यावयाचा असतो. येत्या २५ जुलैला शाळेच्या प्रार्थनासभेत काकांचे स्मरण करण्याचा आमचा विचार आहे. त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एखादी वस्तू पाहून, ती कोठे आणि कोणाच्या हातून तयार झाली हे शोधून वहीत लिहून आणावे. पालकांनी या शोधात मुलांना साथ द्यावी, ही विनंती.