रिकाम्या मैदानाचा मालक

लिव्हरपूल शहरातील अॅनफिल्ड मैदानावर ३ सप्टेंबर १८९२ रोजी यजमान संघाने हायर वॉल्टन या पाहुण्या संघावर आठ गोल चढविले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. हा पराक्रम पाहण्यास जेमतेम दोनशे प्रेक्षक हजर होते, अशी नोंद आहे. आदल्या हंगामापर्यंत याच मैदानावर दर शनिवारी हजारोंची गर्दी लोटत असे. ती गर्दी आता स्टॅन्ले पार्क या बागेच्या पलीकडे, मैलभरही दूर नसलेल्या गुडिसन पार्क या नव्या मैदानावर गेली होती. तिला कोणी हाकलले नव्हते. मैदानाच्या मालकाशी पटेना, म्हणून क्लबचे सभासद क्लबसह उठून गेले होते. मागे उरलेल्या रिकाम्या मैदानाच्या त्या मालकाचे नाव जॉन हाउल्डिंग.

क्लबचे व्यवस्थापन मनमानी करते म्हणून हंगामाचे तिकीट परत करणारे फुटबॉलप्रेमी अलीकडच्या काळात अनेकदा बातम्यांत दिसले. २००५ मध्ये अमेरिकन उद्योगपती माल्कम ग्लेझर यांनी कर्जाच्या बळावर मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेली हंगामी तिकिटे अनेकांनी सोडून दिली आणि त्यांच्यापैकी काहींनी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब उभा केला. हा निषेधाचा नवा मार्ग आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण इंग्लंडच्या त्याच कोपऱ्यात, लिव्हरपूलमध्ये, त्याहून मोठे बंड ११३ वर्षे आधी होऊन गेले होते. त्या बंडाच्या केंद्रस्थानी असलेल्या हाउल्डिंग यांचे आयुष्य म्हणूनच पुन्हा पाहण्यासारखे आहे.

हाउल्डिंग यांचा जन्म १८३३ मध्ये लिव्हरपूलमध्येच झाला. वडील गायी पाळून दूध विकत. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे लहान वयातच कामाला लागणे आले. एका मद्यनिर्मिती कारखान्यात ते नोकरीस लागले, मुकादमाच्या जागेपर्यंत चढले आणि पुढे त्यांनी स्वतःचा बिअरचा कारखाना काढला. बंदराच्या या शहरात गोदी कामगारांची वस्ती वाढत होती आणि त्यांच्याबरोबर बिअरचा खपही. हाउल्डिंग श्रीमंत झाले. स्टॅन्ले पार्ककडे तोंड करून त्यांनी ऐसपैस घर बांधले. हुजूर पक्षाच्या राजकारणात शिरून ते नगरसेवक झाले, गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. एव्हर्टन या भागात त्यांचा शब्द एवढा चाले की लोक त्यांना एव्हर्टनचा राजा जॉन म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे.

फुटबॉल या माणसाच्या आयुष्यात आला तो शेजार म्हणून. १८७८ मध्ये सेंट डॉमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या तरुणांनी एक संघ काढला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव एव्हर्टन झाले. ही मुले आधी स्टॅन्ले पार्कच्या मोकळ्या जागेत खेळत. मग प्रायरी रोडवर एका गृहस्थांची जागा मिळाली, पण सामन्यांच्या दिवशीचा गोंगाट सोसवेना म्हणून त्या गृहस्थांनी क्लबला निरोप दिला. बेघर झालेल्या क्लबला १८८४ मध्ये अॅनफिल्ड रोडवरील मैदान मिळवून दिले ते हाउल्डिंग यांनी. जागा मुळात जॉन ऑरेल या दुसऱ्या मद्य व्यावसायिकाची. पुढे हाउल्डिंग यांनी ती विकत घेतली आणि क्लबचे अध्यक्ष हेच क्लबचे घरमालक झाले.

घरमालक आणि भाडेकरू यांचे नाते कसे असते, हे मुंबईकर-पुणेकर वाचकांना सांगायला नको. इथे तर एकच माणूस दोन्ही बाजूंनी बसलेला. सुरुवातीला वर्षाचे भाडे १०० पौंड होते. क्लबची भरभराट होऊ लागली. १८८८ मध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या १२ संस्थापक क्लबांत एव्हर्टन होता. प्रेक्षक वाढले तसे भाडेही वाढले आणि काही वर्षांतच २५० पौंडांवर गेले. मैदानावर खाद्य-पेये विकण्याचा हक्क हाउल्डिंग यांचा. खेळाडूंनी कपडे बदलायचे ते मैदानावर नव्हे, तर जवळच्या सँडन हॉटेलात, आणि ते हॉटेलही हाउल्डिंग यांचेच. म्हणजे भाडे, मद्यविक्री आणि अध्यक्षपद या तिन्ही गोष्टी एकाच खिशात होत्या.

हाउल्डिंग यांची बाजू अगदीच लंगडी होती, असे मात्र म्हणता येत नाही. क्लबच्या पडत्या काळात पैसे त्यांनीच घातले होते. प्रेक्षकांसाठी सज्जे उभे राहिले तेही त्यांच्या आधारावर. ज्याने जोखीम उचलली त्याने चार पैसे मिळविले तर बिघडले कुठे, हा त्यांचा प्रश्न व्यापाऱ्याच्या तर्काने बरोबरच होता. पण क्लब म्हणजे व्यापार, हे सभासदांना मान्य नव्हते.

१८९१ मध्ये एव्हर्टनने पहिल्यांदा लीग जिंकली. (आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला, तो याच वर्षी.) विजयाचा गुलाल उतरण्यापूर्वीच भांडण पेटले. शेजारच्या आपल्या जमिनीतून रस्ता काढण्याचा विचार ऑरेल यांनी बोलून दाखविला. तसे झाले असते तर मैदानाचा काही भाग गेला असता. यावर हाउल्डिंग यांनी तोडगा मांडला, तो असा की, १२ हजार पौंड भांडवलाची मर्यादित कंपनी स्थापन करावी आणि तिने त्यांची व ऑरेल यांची अशा दोन्ही जमिनी विकत घ्याव्यात. विकणारे हाउल्डिंग, विकत घेण्याचा सल्ला देणारे अध्यक्षही हाउल्डिंग. सभासदांच्या भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल.

विरोधाचे नेतृत्व जॉर्ज मॅहन यांनी केले. मॅहन हे व्यवसायाने हिशेबतपासनीस आणि सेंट डॉमिंगो चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारे. राजकारणात ते उदारमतवादी, म्हणजे हाउल्डिंग यांच्या विरुद्ध गोटातले. चर्चमधून जन्मलेल्या क्लबची सूत्रे मद्य विकणाऱ्याच्या हाती असणे मद्यपानविरोधी मेथडिस्ट सभासदांना खुपत होतेच. त्यामुळे या भांडणाला केवळ भाड्याचे भांडण म्हणणे अपुरे ठरते. महापालिकेतील वैर आणि देवळातील नीती असे दोन्ही पदर त्याला होते. मॅहन यांच्या गटाने १८० पौंड भाडे देऊ केले. हाउल्डिंग यांनी ते नाकारले. सभांवर सभा झाल्या. जानेवारी १८९२ मध्ये मॅहन यांनी सभेपुढे सरळच प्रस्ताव ठेवला, की हे मैदानच सोडून देऊ. पार्कच्या पलीकडे एक ओसाड जागा त्यांनी हेरून ठेवली होती.

इथे एक बाब ध्यानात घ्यायला हवी, कारण आजच्या आंदोलनांपेक्षा हे बंड वेगळे होते ते तिच्यामुळेच. त्या वेळी एव्हर्टन क्लब ही वर्गणीदारांची संस्था होती. जो वर्षाची वर्गणी भरी, त्याला सभेत मत असे. निषेध म्हणून वर्गणी थांबविण्याची, प्रवेशद्वारी फलक धरण्याची त्याला गरज नव्हती; तो अध्यक्षालाच हटवू शकत होता. आणि तसेच झाले. मार्च १८९२ मधील सभेत बहुमताने हाउल्डिंग यांना पदावरून दूर केले आणि क्लबने स्थलांतराचा रस्ता धरला. डॉ. जेम्स बॅक्स्टर यांनी हजार पौंड बिनव्याजी दिले, सभासदांनी आपापला वाटा उचलला आणि गुडिसन पार्क उभे राहिले. २ सप्टेंबरला तिथे बोल्टनविरुद्धचा सामना पाहण्यास दहा हजार लोक आले.

हाउल्डिंग यांनी त्याआधी एक डाव टाकून पाहिला होता. एव्हर्टनचे नाव असलेली एक कंपनी त्यांनी जानेवारीतच नोंदवून ठेवली होती. मैदान आपले, कंपनीचे कागद आपले, तेव्हा एव्हर्टन म्हणजे आपणच, असा त्यांचा हिशेब. फुटबॉलच्या अधिकारी मंडळींनी तो मान्य केला नाही. क्लब म्हणजे त्याचे बहुसंख्य सभासद आणि नाव त्यांच्याबरोबरच जाईल, असा निर्वाळा मिळाला. खेळाडूही बहुतेक सगळे तिकडेच गेले.

साठीला टेकलेला, पैसेवाला, मानी माणूस अशा वेळी काय करतो? जमीन प्लॉट पाडून विकली असती, तरी हाउल्डिंग यांना नुकसान नव्हते. शहर वाढत होते, घरांना मागणी होती. त्यांनी तसे केले नाही. १५ मार्च १८९२ रोजी उरल्यासुरल्या सहकाऱ्यांना आपल्या घरी बोलावून त्यांनी नवा क्लब स्थापन केला. नाव ठेवले लिव्हरपूल. यात हट्ट किती आणि फुटबॉलचे प्रेम किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. माझ्या मते हट्टच अधिक असावा. पण त्या हट्टापायी त्यांनी पैसा ओतला, हे खरे.

एव्हर्टनचे जुने चिटणीस विल्यम बार्कले त्यांच्यासोबत राहिले आणि आयरिश वंशाचे जॉन मॅकेना मदतीला होते. मॅकेना यांनी स्कॉटलंडमध्ये जाऊन खेळाडू जमविले. संघात मॅक या अक्षरांनी सुरू होणारी आडनावे इतकी झाली, की लोकांनी त्याला मॅकांचा संघ असेच नाव दिले. गंमत म्हणजे आज लाल रंगाने ओळखला जाणारा हा क्लब सुरुवातीला निळ्या-पांढऱ्या गणवेशात खेळत होता. लाल रंग काही वर्षांनी आला. पहिल्या वर्षी लँकेशायर लीगचे विजेतेपद, लगेच फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश आणि १८९३-९४ च्या हंगामात २८ पैकी एकही सामना न गमावण्याचा पराक्रम. वरच्या विभागात जाण्यासाठी एक निर्णायक सामना खेळावा लागे. त्यात लिव्हरपूलने हरविले न्यूटन हीथ या संघाला. हाच न्यूटन हीथ पुढे मँचेस्टर युनायटेड झाला. १३ ऑक्टोबर १८९४ रोजी गुडिसन पार्कवर दोन्ही क्लब लीगमध्ये प्रथमच समोरासमोर आले. ४४ हजार लोकांसमोर एव्हर्टनने ३-० असा विजय मिळविला. दोन वर्षांपूर्वी ज्या शहरात एका क्लबचे भांडण मिटत नव्हते, त्या शहराने आता दोन क्लब पोसले होते.

हाउल्डिंग यांची सार्वजनिक प्रतिष्ठा या पराभवाने डागाळली नाही. १८९७ मध्ये ते लिव्हरपूलचे लॉर्ड मेयर झाले. २९ एप्रिल १९०१ रोजी लिव्हरपूलने वेस्ट ब्रॉमविचमध्ये जिंकून पहिले लीग विजेतेपद मिळविले, तेव्हा ते हयात होते. त्यानंतर वर्षभरही गेले नाही. प्रकृती सुधारावी म्हणून फ्रान्सच्या दक्षिणेला नीस येथे गेले असता १७ मार्च १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. पार्थिव लिव्हरपूलला आणण्यात आले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लिव्हरपूलबरोबरच एव्हर्टनचेही खेळाडू होते.

इथवर हाउल्डिंग यांचे चरित्र संपते. पण त्यांच्या भांडणातून निघालेला एक परिणाम कमी बोलला जातो. १८९२ च्या त्याच वर्षी दोन्ही क्लब मर्यादित कंपन्या झाले. एव्हर्टनचे समभाग पुष्कळ हातांत वाटले गेले, लिव्हरपूलचे मोजक्या हातांत राहिले. तरी मूळ बदल दोन्हीकडे सारखाच होता. मत आता वर्गणीला नव्हते, समभागाला होते. हंगामाचे तिकीट काढणारा प्रेक्षक क्लबचा सभासद राहिला नाही, तो गिऱ्हाईक झाला. मॅहन यांच्या अनुयायांनी ज्या अधिकाराने अध्यक्षांना हटविले, तो अधिकार त्यांच्या नातवंडा-पतवंडांना उरला नाही. त्यांच्या हाती उरले फक्त तिकीट, घ्यायचे की सोडायचे एवढ्यापुरते. लँकेशायरच्या किनाऱ्यावरील ब्लॅकपूल क्लबच्या चाहत्यांनी मालक ऑयस्टन कुटुंबाच्या विरोधात वर्षानुवर्षे मैदानाकडे पाठ फिरविली आणि २०१९ मध्ये न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे कारभार गेल्यावरच, मार्च महिन्यात, १५ हजारांच्या संख्येने ते परतले. घरच्या संघाला रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळताना पाहण्याची शिक्षा त्यांनी आधी स्वतःला करून घेतली होती.

हाउल्डिंग यांच्या सँडन हॉटेलातही इतिहास परतून आला. लिव्हरपूल क्लब टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या दोन अमेरिकनांच्या मालकीचा असताना, जानेवारी २००८ मध्ये, चिडलेल्या चाहत्यांची सभा तिथेच भरली आणि थोर प्रशिक्षक बिल शँकली यांच्या नावाने चाहत्यांची संघटना स्थापन झाली. हिक्स-जिलेट यांना ऑक्टोबर २०१० मध्ये क्लब सोडावा लागला. त्यांच्या जागी आलेल्या मालकांनी २०१६ मध्ये नव्या सज्जातील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे जाहीर केले. ६ फेब्रुवारी रोजी संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० असा आघाडीवर असताना, बरोबर ७७ व्या मिनिटाला, अॅनफिल्डवरील सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर पडले. उरलेल्या वेळात पाहुण्यांनी दोन गोल करून सामना बरोबरीत सोडविला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचा बेत रद्द केला आणि पुढील दोन हंगाम तिकिटांचे दर गोठविले.