संसारातले हसू टिपणारे मास्टर विनायक

नवरा-बायकोच्या कुरबुरींवर बेतलेला विनोद मराठी माणसाला कधी शिळा वाटत नाही. आपल्या उत्सवातील एकांकिकांचा विषयही बहुधा तोच असतो. मराठी बोलपटात हा विषय ज्यांनी रंगवला, त्या मास्टर विनायकांची ओळख आपल्या नव्या पिढीला व हिंदीभाषक सहकाऱ्यांना व्हावी, म्हणून हा अल्पसा परिचय.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. बाबूराव व भालजी पेंढारकर हे त्यांचे सावत्र भाऊ; व्ही. शांताराम नात्यातलेच. विनायकरावांनी काही काळ शिक्षकी केली, पण घरात सिनेमाचेच वारे. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) मध्ये ते नारद झाले आणि १९३५ साली 'विलासी ईश्वर'चे दिग्दर्शक. पुढच्याच वर्षी बाबूराव आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी 'हंस पिक्चर्स' काढली.

'हंस'ला दोन मोठे लेखक लाभले. वि. स. खांडेकरांनी गंभीर कथा दिल्या, आचार्य अत्र्यांनी विनोदी. १९३८ साली खांडेकरांच्या 'ज्वाला'वर पाण्यासारखा पैसा खर्च झाला आणि तो बुडाला. त्याच वर्षी अत्र्यांचा 'ब्रह्मचारी' तुफान चालला. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रभर गहजब झाला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४० साली, 'अर्धांगी' आला. कथा अत्र्यांची. गंमत पाहा, त्याच मीनाक्षीबाई इथे जुन्या वळणाची, घरंदाज पत्नी सावित्री झाल्या! सुखाचा संसार असूनही तिचा नवरा सत्यवान फॅशनेबल अरुंधतीच्या मागे लागतो. अरुंधती झाल्या होत्या लीला चिटणीस. नावांतच सारा टोमणा आहे. लग्नात नवदांपत्याला जो तारा दाखवतात, त्याचेच नाव संसारात बिब्बा घालणाऱ्या बाईला! चित्रपटाचा कौल अर्थातच सावित्रीच्या बाजूने. नोकरी करणाऱ्या आजच्या आपल्या लेकी-सुनांना हा कौल पटणार नाही, आणि पटू नयेच. आधुनिक स्त्रीची थट्टा करणे त्या काळी फार सोपे होते. पण एक गोष्ट विनायकरावांच्या पदरात टाकलीच पाहिजे. ज्याच्यावर हसायचे, त्या भरकटलेल्या नवऱ्याची भूमिका त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही, स्वतः केली. बायकोला नावे ठेवणारा नवरा प्रेक्षकांत बसून हसत असेल, तर तो स्वतःलाच हसत होता.

हाच चित्रपट हिंदीत 'घर की रानी' या नावाने निघाला. तेव्हाचे रायपूर मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी हा आपला नित्याचा व्यवहार 'हंस'ने पडद्यावर केला होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी 'नवयुग' कंपनीतर्फे चिं. वि. जोशींचा 'लग्न पाहावे करून' आला. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग या जोडगोळीने धमाल उडवली. पुढे 'नवयुग' सोडून १९४३ साली विनायकरावांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' स्थापन केली.

विनोदी माणूस घरच्या-बाहेरच्यांच्या अडचणीत किती धावून येतो, हे मंगेशकर कुटुंबाने अनुभवले. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले. पाच भावंडांत थोरल्या लताबाई अवघ्या बारा वर्षांच्या. विनायकरावांनी त्यांना चित्रपटांत कामे दिली. 'माझे बाळ', 'गजाभाऊ', 'बडी माँ' यांत लताबाई पडद्यावरही दिसतात. 'प्रफुल्ल'बरोबरच त्या मुंबईस आल्या आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला चारच दिवस झाले असताना, विनायकराव मुंबईत वारले. वय अवघे एकेचाळीस. हातातला 'मंदिर' अपुरा राहिला. दिनकर द. पाटलांनी तो पुरा केला व १९४८ साली तो पडद्यावर आला. त्यात विनायकरावांची आठ-नऊ वर्षांची मुलगी बेबी नंदा म्हणून झळकली. वडिलांमागे घराला हातभार लावण्यासाठी तिला पुढेही कामे करावी लागली, आणि तीच पुढे हिंदी चित्रपटांची नायिका नंदा झाली.